प्रोफायलर वरपर्यंत का येत नाही? वाहत्या आर्क्टिक बर्फावरच्या उपकरणांचं समस्या निवारण

तक्रार बहुतेक वेळा एकाच वळणाची असते. उपकरण बसवून टोळी परत आली, पहिले काही आठवडे सगळं सुरळीत. बर्फावरचा बोया तासातासाला आपलं ठिकाण कळवतो, बॅटरी ठणठणीत आहे, आणि तारेवरून वर-खाली करत पाण्याचं तापमान आणि क्षारता मोजणारा प्रोफायलर खोल पाण्यापासून थेट बर्फाखालच्या सात-आठ मीटरपर्यंतच्या नोंदी पाठवतोय. मग एखाद्या दिवशी वरचं टोक सातऐवजी बारा मीटरवर थांबतं. दोन दिवसांत पुन्हा नीट होतं. पुढच्या वादळात ३०, त्यानंतर ४५. उन्हाळा लागेपर्यंत नोंदीचा वरचा भाग, म्हणजे ज्यासाठी एवढा खटाटोप केला तोच भाग, गायब. आणि कुणीतरी निदान करून टाकतं: मोटर गेली.

मोटर क्वचित जाते. गेली तर ती अशी हप्त्याहप्त्याने जात नाही.

इथे बोलतोय ते बर्फाला तार टांगून त्यावर चालणाऱ्या प्रोफायलरबद्दल. अमेरिकेतल्या वुड्स होल या सागरी संशोधन संस्थेचा आइस-टेदर्ड प्रोफायलर, म्हणजे आयटीपी, २००४ पासून आर्क्टिकमध्ये वापरात आहे आणि या जातीतला तोच सर्वांत ओळखीचा. रचना साधी: बर्फावर ठेवलेला, वेळ पडल्यास पाण्यात तरंगू शकेल असा बोया, त्याखाली बर्फाच्या वाहत्या लादीतल्या भोकातून सोडलेली प्लॅस्टिकच्या आवरणाची पोलादी तार, टोकाला जड वजन, आणि तारेला चाकाने धरून सेकंदाला साधारण २५ सेंटीमीटरने चढणारं-उतरणारं उपकरण. तार ७५० मीटर असेल तर एक फेरी ५० मिनिटांची. प्रोफायलर मोजलेलं सगळं तारेतूनच बोयाला सांगतो, बोया ते इरिडियम उपग्रहांमार्फत किनाऱ्यावर पाठवतो. बिघाड झाला की तिथे जाऊन बघायची सोय नसते. हातात फक्त आकडे असतात, म्हणून निदान आकड्यांतूनच करायचं.

आधी वेगाचा आलेख काढा

प्रोफायलरच्या नोंदी उघडण्याआधी बोयाची जीपीएस ठिकाणं घ्या आणि तासातासाचा वेग काढा. दिवसाची सरासरी नको. सरासरीत जे बघायचं तेच पुसलं जातं, ते का ते खाली येईल. आता या वेगाखाली, त्याच वेळेच्या रेषेवर, प्रत्येक फेरीचं वरचं टोक आणि खालचं टोक मांडा. निम्म्या तक्रारी इथेच सुटतात.

बर्फ वाऱ्यामागे जातो, पण सरळ नाही. नॉर्वेचा संशोधक नान्सेन याने १८९३ ते १८९६ च्या फ्राम जहाजाच्या सफरीत टिपलं होतं की तो वाऱ्याच्या दिशेच्या उजवीकडे वळून वाहतो. वेगाचा ढोबळ आडाखा वाऱ्याच्या दोन टक्क्यांचा. सेकंदाला १५ मीटरचा वारा सुटला की लादी सेकंदाला ३० सेंटीमीटरने निघते, म्हणजे दिवसाला सुमारे २६ किलोमीटर. खालचं पाणी त्या वेगाने येत नाही. त्यामुळे तार पाण्यातून ओढली जाते, कलते, आणि प्रोफायलर तारेवर एका बाजूने दाबला जातो. पाण्याचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. सेकंदाला १५ सेंटीमीटर वेगाला जे उपकरण आरामात चढतं, त्याच्यावर ३० ला चौपट ओढ येते. चाक तारेवर घसरायला लागतं. प्रोफायलरचा संगणक बघतो की दाब कमी होत नाही, म्हणजे आपण चढत नाही, आणि ठरलेल्या वेळेनंतर प्रयत्न सोडून देतो.

वादळात नोंद तुटली आणि वारा पडल्यावर पूर्ववत झाली, तर उपकरण निरोगी आहे. त्याला हात लावू नका. दुतर्फी आदेशाची सोय असली की हात शिवशिवतात, कुणी फेऱ्या वाढवतं, कुणी पुन्हापुन्हा प्रयत्न करायला लावतं. घसरत्या चाकाने तीच जागा घासत राहिली तर चाकही झिजतं आणि तारेचं आवरणही.

आता सरासरीचा मुद्दा. उन्हाळ्यात बर्फ विरळ झाला की लादी वाऱ्याच्या झटक्यानंतर गोल गोल गिरक्या घेत वाहते. पृथ्वीच्या फिरण्यामुळे होणारी ही जडत्वाची आंदोलनं ८० अंश अक्षांशावर सुमारे १२.१५ तासांची असतात. भरती-ओहोटीचं मुख्य चक्रही १२.४२ तासांचं. आणि आपण फेऱ्या लावतो बरोबर १२ तासांच्या अंतराने! परिणाम असा की काही दिवस सलग प्रत्येक फेरी गिरकीच्या सर्वांत वेगवान टप्प्यातच सुटते आणि सगळ्या तुटतात. मग हळूहळू वेळ सरकते आणि उपकरण आपोआप 'दुरुस्त' होतं. दिवसाची सरासरी रोज सारखीच मंद दिसते, त्यामुळे हे लक्षातच येत नाही. उपाय फुकट आहे: फेऱ्यांमधलं अंतर १२ चं ठेवू नका. दोन फेऱ्यांत कधी ६, कधी १० तास असं विषम वेळापत्रक असेल तर कुठली तरी फेरी शांत टप्प्यात पडतेच.

खालचं टोक काय सांगतं

वरच्या टोकाकडे सगळे बघतात, कारण तिथली माहिती हवी असते. निदान मात्र खालच्या टोकात असतं. प्रोफायलर तारेच्या तळाशी असलेल्या अटकावाला टेकतो तेव्हा नोंदवलेला दाब म्हणजे तारेच्या टोकाची खोली. तार सरळ लोंबत असेल तर हा आकडा महिनोन्‌महिने हलत नाही. ७५० मीटरची तार सगळी २० अंशांत कलली तर टोक ७०५ मीटरच्या आसपास येतं. हा फरक आलेखात ठसठशीत दिसतो.

खालचं टोक वेगाबरोबर वर येतं आणि वेग उतरला की परत खाली जातं: तार कलते आहे, वर सांगितलेलाच प्रकार.

खालचं टोक वर आलं, पण वेगाशी काही देणंघेणं नाही: समुद्रतळाचा नकाशा काढा. बोफोर्ट समुद्राच्या खोल खोऱ्यात पाणी ३,५०० मीटरहून जास्त असतं. तिथे तळाची चिंता नाही. पण तिथला गोल फिरणारा प्रवाह लादीला पश्चिमेकडे चुक्ची समुद्राच्या उथळ मंचावर नेऊ शकतो, आणि तिथे खोली ५० मीटरच्या घरात आहे. वजन तळावर घासत जातं, तार सैल पडते, चाकाला पकड मिळत नाही. लादी पुन्हा खोल पाण्यात गेली तर उपकरण कधीकधी काही झालंच नाही अशा थाटात चालू होतं, म्हणून या काळात फेऱ्या कमी करून बॅटरी वाचवणं एवढंच हातात असतं.

तिसरी शक्यता सर्वांत वाईट. खालचं टोक एका दिवसात वर आलं, तिथेच कायम राहिलं, आणि नकाशात पाणी अथांग. लाद्या एकमेकींवर चढून वरंबा उभा राहिला आणि त्याने तारेचा वरचा भाग आपल्यात ओढून घेतला. अशा वेळी प्रोफायलरचं वरचं टोकही एका ठरावीक खोलीवर अडतं, कारण वरंब्याचा बुडालेला भाग पाण्यावर दिसणाऱ्या उंचीच्या कितीतरी पट खोल असतो आणि तार त्यातून जाते. इथे करण्यासारखं काही नाही. जेवढ्या भागात चालतंय तेवढ्याच भागाची फेरी लावा.

आणि खालचं टोक जागच्या जागी, फक्त वरचं तुटतंय, तेही वारा नसताना? मग पाण्याकडे वळा.

गोडं पाणी आणि वजनाचा हिशोब

हे कारण सर्वांत जास्त निसटतं. प्रोफायलरचा भार असा जुळवलेला असतो की तारेच्या मधल्या खोलीवर तो ना तरंगेल ना बुडेल. त्याच्या वर तो पाण्यापेक्षा जड, त्याच्या खाली हलका. जेवढी घनता बदलते तेवढा बोजा चाकावर.

आकडे घालून बघू. समजा उपकरणाचं आकारमान ६० लिटर आहे. ५०० मीटर खोलीवर, दाबासकट, पाण्याची घनता घनमीटरला १,०३० किलोच्या आसपास. कॅनडा खोऱ्यात, म्हणजे बोफोर्टच्या त्याच खोल भागात, उन्हाळ्याच्या अखेरीस बर्फाखालच्या पाण्याची क्षारता २७-२८ पर्यंत उतरते, तिथली घनता १,०२२ च्या आसपास. फरक ८ किलो, गुणिले ०.०६ घनमीटर: ४८० ग्रॅम. उपकरणही दाबाखाली थोडं आकसतं, त्यामुळे प्रत्यक्षातला आकडा काहीसा कमी. तरीही मध्यावर जुळवलेला प्रोफायलर वरच्या टोकाला काहीशे ग्रॅम जड असतो, आणि हे वजन त्याला एका लहानशा चाकाच्या पकडीवर, ओल्या गुळगुळीत प्लॅस्टिकवरून उचलून न्यायचं असतं. हे वजन वाटेत सारखंही वाढत नाही. क्षारता वरच्या काही दहा मीटरांतच झपाट्याने उतरते, म्हणून प्रोफायलर नेमका शेवटच्या टप्प्यात अडखळतो.

ओळखायचं कसं? थांबण्याची खोली आणि त्या खोलीवरची क्षारता एकत्र मांडा. दरवेळी साधारण एकाच घनतेला अडत असेल, आणि ऋतूप्रमाणे ती खोली वर-खाली होत असेल, तर दोष भार जुळवण्याचा आहे. मोटरच्या विद्युतप्रवाहाचीही साक्ष घ्या. चाक घसरत असेल तर मोटर मोकळी फिरते: दाब बदलत नाही आणि प्रवाहही फारसा चढत नाही. पुढे खरोखर काही आडवं आलं असेल, तारेवर चढलेला बर्फ किंवा फाटलेलं आवरण, तर प्रवाह आधी उसळतो.

बर्फावर गेलेल्या उपकरणाला हे सुधारता येत नाही. पुढच्यासाठी मात्र माझा आग्रह आहे: भार मध्यावर जुळवू नका, वरच्या बाजूला झुकता ठेवा. म्हणजे उपकरण वरच्या पाण्यात जवळजवळ तरंगतं राहील आणि खाली जाताना जोर लावेल. खालचे दहा-वीस मीटर गेले तर फार बिघडत नाही, तिथलं पाणी वर्षभर जवळपास तसंच असतं. वरच्या दहा मीटरांत सगळा खेळ चालतो. आणि भार जुळवताना जुन्या नकाशातली सरासरी क्षारता घेऊ नका. बोफोर्टच्या गोल फिरणाऱ्या प्रवाहात गेल्या काही दशकांत बरंच गोडं पाणी साठलंय, जुना आकडा तुम्हाला फसवेल.

बोया बोलतो, प्रोफायलर गप्प

ही तक्रार वेगळी आणि तिचं मूळ बहुतेकदा भोकात असतं. प्रोफायलर आणि बोया ज्या इंडक्टिव्ह मोडेमने बोलतात त्याला वेगळी केबल लागत नाही. संदेश तारेतून जातो आणि परतीची वाट समुद्राच्या पाण्यातून असते. त्यासाठी तारेचं खालचं टोक आणि वरचा इलेक्ट्रोड, दोन्ही उघड्या धातूने पाण्याला टेकलेले हवेत. बर्फ विजेच्या दृष्टीने पाण्याच्या मानाने फारच वाईट वाहक. वरचा इलेक्ट्रोड लादीच्या तळाशी जेमतेम पोचेल असा ठेवला असेल तर हिवाळ्यात लादी खालून जाड होत जाते आणि तो बर्फात बंद होतो. वाट तुटली.

याचा ठसा स्पष्ट असतो: ऑक्टोबरपासून संदेश अडखळू लागतात, डिसेंबर-जानेवारीत बंद पडतात, आणि उन्हाळ्यात खालचा बर्फ वितळल्यावर प्रोफायलर पुन्हा बोलायला लागतो. त्याच्या स्मृतीत साठवण्याची सोय असेल तर मधल्या नोंदीही मिळतात. म्हणून प्रोफायलर गप्प झाला की लगेच 'हरवला' असं लिहू नका. इलेक्ट्रोड किती खोलीवर आहे आणि लादी किती जाडीची होती, हे बसवण्याच्या नोंदवहीत बघा. लिहिलेलं नसेल तर पुढच्या वेळी लिहा.

सर्व ऋतूंत तुटकतुटक संदेश येत असतील तर आवरणाला चीर गेल्याचा संशय घ्या. चिरेतून प्रवाह मधेच पाण्यात गळतो. चिरेच्या वर असताना प्रोफायलर ऐकू येतो, खाली गेला की क्षीण होतो.

क्षारता अचानक घसरली

थोडक्यात: वाहकता मोजणाऱ्या काचेच्या नळीत बर्फाचे बारीक कण अडकले की क्षारता एकदम कमी दिसते. उपकरण खाली उबदार पाण्यात गेलं की कण वितळतात आणि आकडा ताळ्यावर येतो. खोल पाण्यात, जिथे तापमान आणि क्षारतेचं नातं जवळजवळ अढळ असतं, तिथेही फरक कायम राहिला तर नळीवर काहीतरी साचलंय किंवा ती तडकली आहे. तडकण्याचं कारण बहुधा बसवण्याच्या दिवसात सापडतं.

बसवण्याच्या दिवशी

लादी निवडताना सगळे जाडी बघतात. बरोबरच आहे, पण जाडी एका भोकाने कळत नाही. नुसत्या बोयाच्या जागी नव्हे, तर भोवतीच्या बऱ्याच मोठ्या वर्तुळात ठिकठिकाणी गिरमिटाने भोकं पाडून मोजा. जुना, अनेक उन्हाळे काढलेला बर्फ मिळाला तर उत्तम. त्याचा पृष्ठभाग लाटांसारखा गोलसर उंचसखल असतो. त्यातही खोलगट जागा टाळा, तिथेच वितळपाण्याचं तळं होतं. वरंब्याच्या आडोशाला वारा लागत नाही म्हणून तिथे तंबू ठोकण्याचा मोह होतो. वरंबा उभा राहिला म्हणजे तिथे लादी कमकुवत होती, आणि ती तिथेच पुन्हा मोडू शकते. मोझाइक या आर्क्टिक संशोधन मोहिमेत पोलारस्टर्न जहाज २०१९ च्या ऑक्टोबरात नीट पारखून एका लादीला बांधलं होतं. तीसुद्धा वाटेत पुन्हापुन्हा भेगाळली आणि २०२० च्या जुलैअखेर फ्राम सामुद्रधुनीत मोडून संपली. तेव्हा सगळी उपकरणं एकाच लादीवर दाटीवाटीने बसवण्यात शहाणपण नाही.

भोक पाडलं की त्यात बर्फाचा लगदा तरंगून वर येतो. झाऱ्याने तो काढायचा, आणि काढतच राहायचं. हे काम कंटाळवाणं आहे म्हणून नवख्याला देतात, आणि तिथेच गडबड होते. वरचं पाणी स्वच्छ दिसलं तरी भोकाच्या खालच्या तोंडाशी, लादीच्या पोटाला, लगदा चिकटून असतो. वजन खाली जाताना तो बाजूला सारतं, तार त्यातून जाते, मग तो मिटतो आणि तारेला भोकाच्या मध्याऐवजी एका काठाला धरून गोठतो. वर बोया उभा, खाली तार काठावर घासतेय. म्हणून तार जिथे बर्फातून जाते तिथे जाड रबरी किंवा युरेथेनचं आवरण असतं. ते लादीच्या जाडीपेक्षा बरंच लांब, पाच मीटरच्या आसपास हवं. बर्फ दोनच मीटर आहे म्हणून ते आखूड करू नका. बोया ठेवण्याआधी लांब काठीने भोकाच्या तळाशी चारी बाजूंनी ढवळा, आणि आवरण मध्यावर राहील असं लाकडी पाचर लावून धरा.

तिकाटण्याखाली वजन लोंबत असताना घाई नको. विंचच्या दोरीवरून भार तारेच्या पकडीवर घेताना एक क्षण सगळं वजन एकाच पकडीवर असतं. उणे २५ अंशांत तारेवर दव गोठून काचेसारखा थर येतो आणि पकड घसरते. पकड बसवायची तेवढी जागा आधी कोरड्या फडक्याने पुसून घ्या, हातमोज्याने नाही, हातमोजा ओला असतो.

प्रोफायलर तंबूत ऊबेत ठेवा आणि अगदी शेवटी बाहेर काढा. वाहकतेच्या नळीत पाण्याचा थेंबही नको. चाचणीसाठी बुडवून पुन्हा हवेत काढला तर नळीतलं पाणी बघता बघता गोठतं आणि काच तडकवतं. एकदा पाण्यात गेला की तो पाण्यातच राहिला पाहिजे. बाहेर काढावाच लागला तर लगेच तंबूत न्या.

संदेशाची चाचणी कधी घ्यायची यावर वाद होतात. माझं मत ठाम आहे: बोया जागेवर बसल्यावर, इलेक्ट्रोड शेवटच्या खोलीवर असताना, आणि प्रोफायलरने एक पूर्ण फेरी केल्यावर. डेकवर घेतलेली चाचणी फक्त जोडण्या बरोबर आहेत एवढंच सांगते. हेलिकॉप्टरचा वैमानिक घड्याळ दाखवत असतो, धुकं येत असतं, हे खरं. तरी फेरी एक तासाचीसुद्धा नसते.

निघताना साफसफाई. सांडलेलं तेल, काळी पिशवी, तुडवून मळलेला बर्फ, हे सगळं ऊन शोषतं आणि भोवती खड्डा करतं. उलट लाकडी फळीखालचा बर्फ सावलीत टिकतो, भोवतालचा खचतो, आणि बोया उंच ओट्यावर चढून एका बाजूला कलंडतो. फळी बोयाच्या बुडापेक्षा फार मोठी ठेवू नका.

लादी फिरतेही. प्रवाहमापक लावला असेल तर त्याच्या होकायंत्रावर विसंबू नका. चुंबकीय ध्रुवाच्या परिसरात आडवं क्षेत्र इतकं क्षीण असतं की दिशा भरकटते. लादीवर थोड्या अंतरावर दोन जीपीएस अँटेना ठेवून दिशा काढा.

सगळंच गप्प झालं तर

कोरडं बर्फ इरिडियमचा संदेश फारसा अडवत नाही; ओला लगदा, तळ्यात बुडालेला अँटेना किंवा आडवा पडलेला बोया अडवतो. शेवटचा संदेश कुठल्या महिन्यातला ते बघा. जून-जुलैत गेला तर वितळपाणी. हिवाळ्यात वादळाच्या वेळी गेला तर वरंबा. शेवटच्या दिवसांत ठिकाणं नीट येत होती पण झुकाव वेडावाकडा होता, तर ध्रुवीय अस्वल बोयाशी खेळून गेल्याचीही शक्यता असते. आधीच्या संदेशांत बॅटरीचं व्होल्टेज हळूहळू उतरत गेलेलं दिसलं तरच बॅटरीला दोष द्या.

पहिल्या तीन कारणांत बोया पुन्हा बोलू शकतो. म्हणून उपग्रहसेवेचं खातं लगेच बंद करू नका. निदान पुढचा सप्टेंबर उलटेपर्यंत चालू ठेवा, आणि तोवर त्या बोयाचा क्रमांक दुसऱ्या उपकरणाला देऊ नका.